एकुलता एक नापास

आमच्या शाखेत एकच विद्यार्थी उरला होता आणि तो नापास होत होता, म्हणून आमचे पगार चालू होते. ऐकणाऱ्याला वाटतं मी गंमत करतेय. करत नाही.

परभणीहून मानवतकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी सेलूची. याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि इथंच शिकवायला लागले. मी शिकत होते तेव्हा या शाखेला झुंबड असायची. मोबाईल नुकतेच लोकांच्या खिशात आले होते, आणि उद्याचे मोबाईल बनवणारे आमच्यातूनच निघणार, अशी आमची, आमच्या आईबापांची आणि कॉलेजच्या गुळगुळीत माहितीपत्रकाची पक्की खात्री होती. आमच्या वर्गातलं कुणीही मोबाईल बनवत नाही. एक तलाठी झाला, एक पोलिसात गेला, एक लग्नांचे व्हिडिओ काढतो, आणि सगळ्यात पुढं गेला असं ज्याच्याबद्दल आम्ही बोलतो तो पुण्यात बँकेचं सॉफ्टवेअर तपासत बसतो. हा विषय ज्यांना खरोखर आवडला होता ते मास्तर झाले, म्हणजे कुठंच न जाता जिथल्या तिथं राहिले.

मग मुलं कॉम्प्युटरकडं वळली. आमच्याकडं आधी अर्धा वर्ग, मग दोन बाक, मग पहिल्या वर्षाला कुणीच नाही. संस्थेनं शाखा बंद करायचं ठरवलं. पण हे काही दुकानाचं शटर ओढण्यासारखं काम नव्हतं. आत आलेला शेवटचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत त्याची प्रात्यक्षिकं, त्याच्या तोंडी परीक्षा, सगळं करायला माणसं ठेवावी लागतात, असं संस्थेच्या सचिवांनी सांगितलं होतं. बाकीचे मास्तर वारा बघून निघून गेले. राहिलो तिघं: विभागप्रमुख सिद्धोधन सर, प्रयोगशाळा सांभाळणारे मुंजाजी आणि मी. आणि आमचा तो शेवटचा विद्यार्थी, पेडगावचा हरिओम.

हरिओमचा एकच विषय राहिला होता, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स. विजेच्या आणि चुंबकाच्या लहरी, त्या तारेतून कशा जातात, हवेतून कशा जातात, याचं सगळं गणित. भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणणारा विषय. तो दर परीक्षेला त्यात नापास व्हायचा, आणि दर निकालाला आमच्या विभागात चहा व्हायचा.

खरंच व्हायचा. निकाल लागला की सिद्धोधन सर खुर्चीवरून उठायचे, हरिओमच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "हरकत नाही रे. पुढच्या वेळी." मग मुंजाजी टपरीवरून चहा आणि खारी आणायचे. खारीतली मोठी खारी हरिओमला. जावयाचं सुद्धा इतकं कौतुक होत नसेल. आम्ही तिघंही त्याची समजूत काढायचो आणि तिघांच्याही जिवात जीव आलेला असायचा. मला त्या चहाची लाज वाटायची. पण प्यायचे.

हरिओम रोज यायचा. एका विषयासाठी रोज यायची काहीच गरज नव्हती, तरी इस्त्रीचा शर्ट घालून, पाठीला बॅग लावून तो पहिल्या तासाला हजर. मी त्या साठ बाकांच्या खोलीत त्याच्या एकट्यासमोर उभी राहून शिकवायची. सुरुवातीला फळ्याकडं तोंड करून मोठ्यानं बोलायची, सवयीनं. मग मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसून शिकवायला लागले.

एकदा मला घसा बसल्यामुळं बोलवत नव्हतं. मी त्याला म्हटलं, आज तूच शिकव. तो थोडा लाजला आणि फळ्याकडं गेला. तारेतून लहर निघते, तिच्या टोकाला काही जोडलेलं असलं तर ते तिला झेलतं, आणि काहीच जोडलेलं नसलं तर गेलेली लहर सगळीच्या सगळी मागं येते, हा तो धडा. मी तो इतकी वर्षं शिकवलाय. हरिओमनं तो माझ्यापेक्षा सोपा करून सांगितला. समीकरण कुठून येतं, कुठं चुकतं, सगळं. एका जागी मी नेहमी पायरी गाळते. त्यानं ती गाळली नाही.

हे लेकरू या विषयात नापास कसं होतं?

हे कळलं हिवाळी परीक्षेत. विषयाच्या मास्तरला त्याच विषयाच्या पेपरला हॉलवर देखरेखीला घालत नाहीत, पण कॉलेजात माणसंच उरली नव्हती, त्यामुळं मला घातलं. इतर शाखांच्या मुलांमध्ये मागच्या कोपऱ्यात हरिओम बसला होता. प्रश्नपत्रिका वाटल्या. त्यानं ती सावकाश, अगदी आवडीनं वाचली. एका प्रश्नावर तर किंचित हसला. मग पेनाला टोपण लावलं, हाताची घडी घातली आणि खिडकीतून बाहेरच्या लिंबाकडं बघत बसला. बाहेर जायची परवानगी मिळायची वेळ झाली तसा उठला, नाव-नंबर सोडून कोरी उत्तरपत्रिका माझ्या हातात दिली आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

माझं डोकं असं फिरलं की दुसऱ्या मॅडमच्या हातापाया पडून हॉल तिच्या गळ्यात घातला आणि त्याच्या मागं धावले. तो रस्त्यावरच्या थांब्यावर बसची वाट बघत होता.

"काय चाललंय तुझं?" मी भर रस्त्यात ओरडले. "सगळं येतंय की तुला! आम्हाला काय येड्यात काढायला लागलास का?"

त्यानं खाली बघितलं. "न्हाई मॅडम."

"मग कोरा पेपर कामून देतोस?"

बस आली, गेली, तरी तो चढला नाही. मग म्हणाला, "मॅडम, आता लोकं इचारतेत, पोरगं काय करायलंय? आबा सांगतेत, इंजिनिअरिंगला हाय, कॉलेजला जायलंय. पास झालो की उद्यापासून काय सांगतील? घरी बसलंय म्हणतील."

"नोकरी बघायची ना."

"बगितली की. योगीराज गेला व्हता आमच्या वर्गातला. फर्स्टक्लासचा. पुण्याला कंपनीत घेतलं त्याला, मशिनीवर माल लावायला. अकरा महिन्यांनी काढलं. आता घरी हाय. त्याचे वडील त्याच्यासंगं बोलत न्हाईत, ताट नुसतं सरकवतेत म्हणं." त्यानं बॅगेचा पट्टा सरळ केला. "आमच्या घरी अजून बोलतेत मॅडम. आई डबा भरून देती. नापासाला माफी असती. पास झालेल्याला न्हाई."

राग तर होताच, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मग त्यानं मान वर केली आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "अन् तुमचं बी बरं चाललंय की त्यानं. सरांचं, मुंजाजीमामांचं."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगाय लागतंय का? खारी खाताना कळतंय की."

कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. आम्ही त्याला गोंजारत होतो आणि तो आम्हाला पोसत होता. पुढची बस आली. तो चढला, आणि चढताना सुद्धा म्हणाला, "येतो मॅडम. उद्या तास हाय ना?"

दुसऱ्या दिवशी मी सिद्धोधन सरांना सगळं सांगितलं. सर म्हणजे शांत माणूस, पांढरा शर्ट, काळी पँट, कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. त्यांच्या गावातले ते पहिले इंजिनिअर. पदवी मिळाली तेव्हा त्यांच्या आईनं ती विहारात नेऊन ठेवली होती, मग घरी आणली होती. मला वाटलं ते धक्का बसल्यासारखं करतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला शंका होतीच," ते म्हणाले. "पण विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं."

"सर, उन्हाळ्यातली परीक्षा त्याची शेवटची संधी आहे. विद्यापीठाची मुदत संपते. त्यातही त्यानं कोराच पेपर दिला तर एवढी वर्षं शिकलेलं सगळं पाण्यात. बारावी पास म्हणूनच राहायचा तो."

"म्हणजे शाखा बंद व्हायचीच. तो पास झाला तरी, नाही झाला तरी."

"हो."

ते टेबलावरच्या काचेखालच्या जुन्या वेळापत्रकाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "राजेश्री, आमच्या घरात शिक्षण अर्धं सोडणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. ते मला बघवणार नाही. आपलं काय व्हायचं ते होईल. त्याला डिग्री घ्यायला लाव. तुझं ऐकेल तो."

मी त्याला ऐकायला लावलं. परीक्षा येईपर्यंत मी त्याच्या मागं लागले. समजावलं, चिडले, एकदा वही भिंतीवर फेकली. तो हसायचा, "हो मॅडम" म्हणायचा, आणि त्याच्या "हो"त काहीच नसायचं. शेवटी पेपरच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत, बंद पडलेल्या यंत्रांच्या रांगेत उभं राहून त्यानं मला सरळ विचारलं, "पास झाल्यावर काय मॅडम?"

आणि मी म्हटलं, "तू पास तर हो. पुढचं मी बघते."

मी हे तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. मला खरंच वाटलं होतं मी बघेन. माझ्या ओळखी होत्या, माझी बॅच होती, पुण्यात, संभाजीनगरात माणसं होती. एवढ्या हुशार पोराला कुणी ना कुणी घेईल, असं मला मनापासून वाटलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू त्याला कुणी बऱ्याच वर्षांत असं काही म्हटलंच नव्हतं.

पेपरच्या दिवशी मी हॉलच्या बाहेरून दोनदा चक्कर मारली. तो खाली मान घालून लिहीत होता. पुरवणी मागायला हात वर केला तेव्हा माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

निकाल लागेपर्यंत मी फोन करत सुटले. पुण्यातल्या वर्गमित्रानं सांगितलं, इलेक्ट्रॉनिक्सवाले आमच्याकडं घेतच नाहीत, आधी पुण्यात राहून सॉफ्टवेअरचा कोर्स करू दे, मग बघू. संभाजीनगरच्या कारखान्यातली मैत्रीण म्हणाली, "अगं, आम्हाला आयटीआयची मुलं पाहिजेत. इंजिनिअर घेतला की तो चार महिन्यांत पळतो, आणि वय पण जास्त झालंय गं त्याचं." एकजण कॅमेरे बसवून देतो, तो म्हणाला, शिडीवर चढणारा पाहिजे, गणित करणारा नको. एकानं "बायोडाटा पाठव" म्हटलं. पाठवला. परत फोन केला तर उचलला नाही. फोन करता करता माझ्या लक्षात आलं की हे सगळे मला हरिओमबद्दल सांगत नव्हते, माझ्याबद्दल सांगत होते. चार दिवसांनी मलाही हेच दरवाजे वाजवायचे होते.

हरिओम पास झाला. त्या विषयात विद्यापीठातल्या वरच्या मोजक्या मुलांनाच पडतात तेवढे गुण त्याला पडले. त्या दिवशी विभागात चहा झाला नाही. मुंजाजी म्हणाले, "आणू का?" सर म्हणाले, "राहू द्या."

संस्थेनं वेळ लावला नाही. आठवड्याच्या आत नोकरी संपल्याची पत्रं आमच्या हातात पडली. मुंजाजींना वसतिगृहाच्या पंपावर घेतलं. सर घरी जाणार होते. वय झालं होतं, आणि आता कुणाला विचारायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी घरी काहीच सांगितलं नाही. सासूबाई दर शनिवारी देवाला दिवा लावताना माझ्या नोकरीचं नाव घेतात. त्यांना काय सांगायचं ते मला ठरवताच आलं नाही.

शेवटच्या दिवशी मुंजाजी बाक बाहेर काढत होते, कॉम्प्युटरवाल्यांना खोली हवी होती, तेवढ्यात दारात किशनराव आले. हरिओमचे वडील. त्यांची पेडगावात पिठाची गिरणी आहे. पांढरं धोतर, भुवयांवर पिठाचा थर तसाच. हातात नारळ, टॉवेल-टोपी, पेढ्यांचा पुडा. मागं हरिओम, तोच इस्त्रीचा शर्ट.

"सर कुठं हायेत? तुमचा सत्कार करायचाय," ते म्हणाले. बसायला खुर्ची नव्हती, ते उभेच राहिले. सरांना त्यांनी टोपी घातली, टॉवेल दिला. मला नारळ दिला. मग हात जोडून म्हणाले, "मॅडम, लेकराची आशा सोडली व्हती आमी. लोकं हसायले व्हते. तुमी त्याला काठाला लावलं. लय उपकार झाले."

मी नारळ हातात धरून उभी राहिले. काठाला लावलं! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की काठावर काही नाहीये हो, किशनराव.

"आता पुढचं सांगा," ते म्हणाले. अगदी आनंदानं, हुरुपानं. "पोरगं इंजिनिअर झालं. आता कुठं पाठवायचं त्याला? त्याच्या आईनं डबा तयार ठेवलाय म्हणा उद्याचा. कुठं जायचंय तेवढं सांगा."

सर खिडकीकडं वळले. मुंजाजींनी उचललेला बाक हळूच खाली ठेवला. मी हरिओमकडं बघितलं. त्याला माहीत होतं. माझे फोन, माझी उत्तरं, मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्याला सगळं माहीत होतं. त्यानं माझ्याकडं रागानं बघितलं असतं तर मी तिथंच किशनरावांची माफी मागितली असती. तो रागावलेला नव्हता. त्याला माझी दया येत होती.

"आबा," तो म्हणाला, "मॅडम मोठा कोर्स घेणार हायेत सेलूला. नोकरीच्या आधी करावा लागतो तो. उद्यापासून पॅसेंजरनं जायचंय मला. सांगितलं न्हवतं का तुमाला?"

"आसं का!" किशनरावांचा चेहरा फुलला. "मग झालं की. मॅडम हायेत म्हणल्यावर काय फिकीर?" ते माझ्याकडं वळले. "किती दिवसांचा हाय मॅडम?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ, नाहीच म्हणायचं होतं.

"मोठा आहे," मी म्हटलं. "वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी मी रोजच्या वेळेला घरातून निघाले. सासूबाईंनी नेहमीसारखं "सावकाश जा" म्हटलं. सेलूच्या स्टेशनवर परभणीकडं जाणारी माझी नेहमीची गाडी माझ्यासमोर आली, थांबली आणि निघून गेली. मी चढले नाही. थोड्या वेळानं तिकडून येणारी पॅसेंजर आली. कापसाच्या बाजाराला आलेली माणसं भराभरा उतरून बाहेर पडली. सगळ्यात शेवटी हरिओम उतरला, पाठीला बॅग लावून. त्यानं मला बघितलं, आणि माझ्या खांद्याची पर्स, हातातली पिशवी, पिशवीतला डबा, सगळं एका नजरेत बघून त्याला कळलं.

"तुमी बी घरी सांगितलं न्हाई?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

आम्ही दोघं सावलीतला बाक बघून बसलो. त्याची परतीची गाडी संध्याकाळी होती.